दीड फूट

तू विचारलंस म्हणून सांगतो, प्रफुल्ल,
नाहीतर मी काय, अंबडला एकतीस वर्षं
लेथवर उभा राहिलेला माणूस;
लोखंडातला केसभर फरक बोटाला कळायचा,
विटेतलं ओ की ठो नाही.

वर खोली चढवायची म्हणतोस. चढव.
पण आधी मूळ नकाशा शोध,
सिडकोने दिलेला, निळा, घडीवर फाटलेला.
आमचा हिच्या शालूखाली सापडला, काम झाल्यावर.
त्यात घराच्या मागे एक कोरी पट्टी असेल.
सामासिक अंतर म्हणतात तिला.
मी म्हणालो, फुकट पडलेली जागा,
आणि दिवाळीच्या सुट्टीत, कचेऱ्या बंद बघून,
चार दिवसांत न्हाणीघर उभं केलं.
मिस्त्री मी, बिगारी माझा मेहुणा.

पाया दोन फूट.
हे लिहून घे आणि त्यावर फुली मार.
आपल्याकडची काळी माती वैशाखात जबडा उघडते,
श्रावणात फुगून बसते.
तिच्यावर टेकायचं नसतं, तिच्याखाली जायचं असतं,
मुरूम लागेपर्यंत, मजुरी वाढली तरी.
जुन्या भिंतीत नवी भिंत दात काढून गुंतव,
नाहीतर सरळ फट सोड, नीट भरलेली.
मी नुसती चिकटवली, स्टिकरसारखी.

मार्चमध्ये भेग आली.
दर रविवारी व्हर्नियर लावून मोजायचो,
कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहायचो:
०.८. १.४. १.४. २.६.
ही म्हणाली, ताप बघता का तिचा?
तुला कधी आलीच, तर तिच्यावर काचेची पट्टी चिकटव.
काच फुटली, तर भिंत अजून चालतेय.
नुसती पुट्टी भरणं म्हणजे
चालत्या माणसावर पांघरूण घालणं.

जूनच्या आधी महापालिकेचा पोरगा आला, हातात टेप.
दीड फूट जास्त आहे, म्हणाला.
आवाजसुद्धा चढवला नाही त्याने.
नोटीस आली. मग घण मीच घेतला.
फरशा वाचवत वाचवत पाडत होतो;
एकही वाचली नाही.

तक्रार खैरनारची, हे मी ठरवून टाकलं.
त्याच्या स्वयंपाकघराची खिडकी त्या पट्टीकडे उघडते,
माझ्या भिंतीमुळे तिथे भरदुपारी ट्यूब लागायची.
कारण पटण्याजोगं होतं.
दोन वर्षं बोललो नाही.
त्याच्या मुलीच्या साखरपुड्याला गेलो नाही.
गेट मात्र रोज, तो अंगणात असला की, जोरात लावलं.

मग उरलेलं रीतसर करायला आहिरे मॅडमकडे गेलो,
परवानाधारक इंजिनिअर, त्रिमूर्ती चौकात,
जिन्याखाली ऑफिस.
त्यांनी फाइल काढवली.
सगळ्यात खाली एक अर्ज, अक्षर ओळखीचं:
'मागील बाजूस नवीन न्हाणीघर बांधले असल्याने
नळजोडणी अर्ध्या इंचाची पाऊण इंच करून मिळावी.'
खाली सही माझी.
फोन नंबरही दिला होता.
मॅडम हसल्या नाहीत. पंखा मोठा केला.

म्हणून म्हणतो, त्यांना आधी गाठ.
मंजुरी हातात येईपर्यंत एक वीट आणू नकोस.
चार इंची भिंतीवर स्लॅब टाकतो म्हणणारा मिस्त्री
चहा पाजून घालव.
सिमेंटच्या गोणीवरची तारीख वाच,
गोणी उतरायच्या आत.
स्लॅबला चौदा दिवस पाणी, तुझ्या हाताने,
कामावर जायच्या आधी, थंडीत बोटं वाजली तरी.
आणि नकाशा आधी शेजाऱ्याच्या ओट्यावर उलगड.
त्याची खिडकी कुठे आहे ते त्यालाच दाखवू दे.

त्या पट्टीत आता ऊन येतं.
पलीकडे ताटं विसळल्याचा आवाज येतो, ट्यूब लागत नाही.
खैरनारला मी अजून काही सांगितलेलं नाही.
तू जाशील तेव्हा त्याला म्हण, की काका म्हणत होते—
नको. राहू दे.

हा घे ओळंबा.
दोरा नवा आहे, वजन मीच कातलंय लेथवर.
रविवारच्या आत परत आण.