पाव इंच उतार

मांजलपूरला आमच्या मागच्या अंगणात
साडेनऊलाच फरशी तापते.
कपडे वाळत घालायचे तर पायात चप्पल हवी.
म्हणून बोलावलं कृपल पांचाळला.
तिच्या हातात काडेपेटीएवढं यंत्र,
त्यातून निघालेला लाल ठिपका
भिंतीवरून चालला, कुंडीवर चढला,
आणि पलीकडे कंसारांच्या दोरीवरच्या
लेंग्यावर जाऊन थांबला.
"एवढा नको," ती म्हणाली, आणि मागे आणला.
तेरा फूट चार इंच.

मी प्रश्न वहीत लिहून ठेवले होते.
वीज मंडळात बत्तीस वर्षं काढलेला माणूस
आयत्या वेळी तोंडी काही विचारत नाही.

गंजेल का?
— काका, गंजतं ते लोखंड. हे ॲल्युमिनियम.
स्क्रू मात्र स्टेनलेसचेच लावून घ्या,
माझ्याकडूनसुद्धा, समोर उभं राहून.

तापेल का?
— तापेल. पत्रा आहे, पुदिना नाही.
मध्ये फोमचा थर घेतलात तर कमी.

पावसात वाजेल?
— वाजेल. पहिल्या वर्षी तुम्ही मला फोन कराल,
दुसऱ्या वर्षी विसराल.

उत्तरायणात पोरं पतंगासाठी वर चढली तर?
— चढू देऊ नका.
आणि चढलीच तर ओरडू नका, दचकून पाय घसरतो.

रंग उडेल का, महापालिका विचारेल का,
वारा उचलून नेईल का, किती वर्षं टिकेल
— तुमच्यापेक्षा जास्त, म्हणता म्हणता तिनं जीभ चावली
आणि शालन आतून हसली.
मग तीच पदराला हात पुसत दारात आली:
झोपाळा टांगता येईल ह्याला?

कृपल पहिल्यांदाच थांबली.
— मावशी, हे ऊन पेलतं. माणूस नाही पेलत.
झोपाळ्याला लोखंडी चौकट वेगळी. अठरा हजार वरती.
शालन काही बोलली नाही.
आत कढईत डाव जरा जोरात वाजला.

माझी वही संपली. मग तिनं विचारलं,
गुडघ्यावर बसून, फरशीवर तळवा ठेवून:
"ही लादी इथं उचलली कशानं?"
मुळानं.
"कशाच्या?"

हा प्रश्न माझ्या वहीत नव्हता.

कडुनिंब कंसारांचा होता, सावली आमच्याकडे.
सोसायटीला पत्र मी लिहिलं होतं, सहा वर्षांपूर्वी,
टंकलेखन केलेलं, तीन प्रतींत:
लिंबोळ्यांचा चिखल, कावळे, मुंग्या, पन्हळी तुंबणे.
दोन माणसं करवत घेऊन आली. दुपारपर्यंत झालं.
धनसुखभाई तेव्हा बहिणीकडे नडियादला होते.
त्यानंतर आम्ही एकमेकांना
दुधाच्या पिशव्यांच्या आवाजानं ओळखतो.

कृपल उठली, हात झटकले.
"उतार लागतो, काका. फुटाला पाव इंच.
ह्या बाजूला स्वयंपाकघराचं दार,
म्हणजे पाणी त्या बाजूला.
पन्हळ भिंतीवर बसेल, पण भिंत दोघांची.
त्यांना विचारून घ्या."
असं म्हणाली, जसं कुणी म्हणतं
येताना कोथिंबीर आणा.

सव्वासहाला ते पलीकडे येतात.
बुंध्यावर एक थाळी आहे, घरचीच ठोकलेली असणार, तांब्याची,
तिच्यात बाजरी टाकतात.
मी खांद्याइतक्या भिंतीशी उभा राहिलो.
वही घेतली होती. वहीत लिहिलं होतं
"धनसुखभाई,"
आणि त्यापुढे तीन वेळा खोडलेलं.

त्यांनी बाजरी टाकली. मूठ झटकली.
लाल ठिपका जिथून गेला त्या दोरीवरून
वाळलेला लेंगा काढला, घडी केली,
आणि माझ्याकडे न बघता, त्या उघड्या आकाशाकडे बघत
विचारलं,
"फूटनो शुं भाव कीधो?"

मी सांगितला.

"लूटे छे," ते म्हणाले,
आणि कोपर भिंतीवर टेकलं.
भिंत अजून तापलेली होती.
त्यांनी कोपर उचललं नाही.