एकेचाळिसावा दिवस

पांडवलेणीच्या पायऱ्या दोनदा चढून उतरलो.
बनियन पिळलं तर तांब्याभर निघेल.
ओठांवर मीठ आलं
आणि मिठाला लगेच चकणा आठवला.

अंग म्हणतं, कमावलंस की आज,
एक थंडगार, एवढीच.
अंगाला काय ठाऊक
एवढीच केवढी असते ते.

खाली लिंबू-सोड्याची गाडी.
बाटली उघडताना ती फस्स...
नको. तो आवाजही नको अजून.
दोन केळी घेतली, उभ्यानंच खाल्ली.

वाघचौरेंना फोन लावला.
सातपूरला दुसऱ्या पाळीत होते,
मागे प्रेस धडधडत होता.
"जेवलास का?"
"केळी."
"केळी म्हणजे जेवण नव्हे. घरी जा."

हायवेवरून द्राक्षांचा ट्रक गेला.
मागचा लाल दिवा दिसेनासा होईस्तोवर
पाहिला.
मग किक मारली.