हातचं राखून

मी दुभाषी. स्टेजच्या डाव्या कडेला उभी असते,
काळ्या सदऱ्यात, म्हणजे हात उठून दिसावेत.
ग्लासगोत एका जुन्या बँकेच्या तळघरात,
जिथे तिजोऱ्या होत्या तिथे आता विनोद होतात,
आणि पहिल्या रांगेतली दहाबारा बहिरी माणसं
माझ्या बोटांकडे बघून हसतात,
बाकीच्यांहून अर्धा क्षण उशिरा.
त्या अर्ध्या क्षणाचे मला पैसे मिळतात.

मार्चमध्ये गॉर्डन पेल आला. तो त्यांच्या बाजूचा.
आमच्या मंत्रीणबाईंचे हात थरथरतात,
आजार आहे, साऱ्या शहराला ठाऊक.
पेलने कपबशी मागवली
आणि बशीवर कप खुळखुळवत अख्खा अर्थसंकल्प वाचला.
मलाही वाचावा लागला.
दोन्ही हात खांद्यापासून थरथरवले मी,
बशी, कप, मांडीवर सांडलेला चहा,
एक थेंब सोडला नाही.
घरी जाऊन साबणाने हात धुतले. दोनदा.

शनिवारी चौकात निषेध सभा.
लॅकलन ऑर बोलला. लॅकलन आमचा,
संपकऱ्यांना पहाटे सूप वाटणारा,
माझ्या फ्रीजवर त्याच्या सहीचं कार्ड आहे.
म्हणाला, ज्याला दुखण्यावर हसू येतं
त्याने विदूषकाची टोपी उतरवून खाटकाचा एप्रन घालावा.
हेही माझ्याच हातांनी सांगितलं.
बहिऱ्यांच्या टाळ्यांना आवाज नसतो,
पंजे वर करून हलवतात नुसते.
शंभर पंजे. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं
सगळ्यांनाच तो आजार झालाय.

मग नोव्हेंबर. तळघरात लॅकलन.
त्यांचा म्हातारा पुढारी, सर ॲलिस्टर,
त्याचेही हात हल्ली थरथरतात.
लॅकलनने कात्री घेतली, लाल फीत घेतली,
आणि पाच मिनिटं ती फीत कापताच येईना त्याला.
शेवटी म्हणाला,
दवाखाने मात्र एका फटक्यात कापतो हं!
तळघर कोसळलं.
मीही हसले. विनोद चांगला होता, खोटं कशाला बोलू.

पडद्यामागे विचारलं त्याला.
तो मेकअप पुसत होता, एक कान अजून गुलाबी.
अगं ऊना, वरच्याला मारणं वेगळं,
खालच्याला मारणं वेगळं.
मंत्रीणबाई खालच्या कधी होत्या,
हे माझ्या ओठांवर आलं होतं.
पण त्याचं म्हणणं पटलं मला.
पटायची घाईच होती.

बाहेर जिन्यापाशी ट्युलक थांबला होता.
सत्तरीचा, गोदीतला जुना वेल्डर, जन्मापासून बहिरा,
दोन्ही कार्यक्रमांना पहिल्या रांगेत, त्याच खुर्चीत.
खुणेने म्हणाला, मार्चमध्ये तुझे हात मोठे होते.
मी म्हटलं, म्हणजे?
त्याने खांद्यापासून कप थरथरवून दाखवला,
हुबेहूब माझा.
मग कोपरं बरगड्यांना चिकटवून
छातीशी, दुसऱ्या बटणापाशी,
दोन बोटांची इवलीशी कात्री केली.
तीही हुबेहूब माझीच.
आज असं केलंस. मागच्या रांगेत कुणाला दिसलं नसेल.

थकले होते, मी म्हटलं.
आमच्या भाषेत ही खूण करताना खांदे पाडावे लागतात.
माझे पडले नाहीत.

मला वाटलं, आता हा काहीतरी मोठं बोलणार.
पण तो म्हणाला, मी दोन्ही वेळा हसलो.
पेलचा कप जास्त बरा होता.
फक्त मला अख्खा द्यायचा विनोद.
तिकीट अख्खं घेतो ना मी?

मग कोटाचं वरचं बटण लावू लागला.
वेळ लागला. एकदा सुटलं, पुन्हा लावलं.
नदीकडून वारा येत होता, थंडीने असेल.
मदत करू का, विचारणार होते,
तर कळेना ते किती मोठ्या हातांनी विचारावं.
हात खिशात घातले.
त्याने क्षणभर माझ्या खिशांकडे पाहिलं,
आणि बस आली.