पानथरी

दस्तगीरभाई भोपळा वाजवून घेतात.
बोटाच्या पेरानं टक्‌ टक्‌.
वाळलाय की आत अजून ओल आहे,
मिरजेच्या त्या गल्लीत हे कानानंच ठरतं.

शेडबाळे मॅडमनी त्यांचं पोट तसंच वाजवलं.
डाव्या बरगडीखाली, मग बेंबीपर्यंत,
मग बेंबीच्याही पलीकडे.
सगळीकडे बद्द.
भाईच म्हणाले, "ओला आहे. तार नाही चढायची याच्यावर."

रक्ताचा कॅन्सर, आणि पानथरी फुगून पोटभर.
काढायची. पण आज नाही.
आधी तीन लसी, मग पंधरा दिवस घरी.
भाई चिडले, "कापणारच आहात, तर टोचता कशाला?"
"राखणदार जाणार आहे तुमचा," मॅडम म्हणाल्या,
"तो असतानाच बाकीच्यांना चोर दाखवून ठेवू."

माझं काम तळघरात, रक्तपेढीत.
प्लेटलेट फ्रीजमध्ये ठेवत नाहीत.
बावीस अंशांवर, हलत्या तबकात, रात्रंदिवस.
थांबल्या की एकमेकींना चिकटतात.
पाच दिवसांचं आयुष्य,
रंग पातळ वरणाच्या पाण्याचा.
चारातली एक पिशवी मालगावच्या पोराची,
सुई बघून डोळे मिटलेल्या.

त्या दिवशी पावणेनऊला मी थिएटरच्या दारात.
काउंट अकरा हजार.
भुलेचा नवा डॉक्टर हात पुढे करून, "द्या, द्या."
आतून मॅडम, मान न वळवता:
"आत्ता नाही.
आत्ता दिलं तर सगळं तीच खाईल."

मग उभं राहणं.
पिशवी हातात. हात आपोआप हलत राहिला.
आत कुणीतरी कापडं मोजत होतं, सात, आठ.
पानथरीला धक्का न लावता
आधी जठरामागे तिची धमनी शोधायची,
वेलासारखी वळणं घेत येणारी.
नऊ.
भिंतीवरच्या घड्याळाकडे मी बघायचं नाही ठरवलं
आणि बघितलं.

"बांधली."
मग, जरा वेळानं, "आता."

दोन किलो नऊशे भरली.
पाचव्या दिवशी सोनोग्राफी,
यकृताच्या शिरेत गुठळी नाही ना, ते बघायला.
नव्हती.
कॅन्सर आहेच. त्याच्या गोळ्या चालू आहेत.

परवा दुकानात गेले तर
भाई पोटावर टक्‌ टक्‌ करून दाखवत होते गिऱ्हाइकाला.
मागे, वाळत टांगलेल्या भोपळ्यांच्या रांगेत
एका खिळ्याला आमचं कार्ड, लॅमिनेट केलेलं:

मला पानथरी नाही.
ताप आला तर
सकाळ होण्याची वाट पाहू नका.