पुढच्या सीटवरची झिमखिता

आमच्या टॅक्सीत कंडक्टर नसतो.
पैसे मागून पुढे येतात, हातावरून हात करत,
कुणाची घामाने मऊ पडलेली नोट,
कुणाची मुठीत गरम झालेली नाणी,
आणि माझ्याशेजारी जो बसेल
त्याच्या मांडीवर पंधरा जणांचा हिशेब.
म्हणून शहाणी माणसं ती सीट टाळतात.

झिमखिता टाळत नाही.
एंगकोबो ते म्थाथा, माणशी पासष्ट रँड.
मागून तीनशे येतात, "चौघांचे!"
मी गिअर टाकेपर्यंत चाळीस परत गेलेले असतात.

आज शनिवार. पहाटेचे पाच.
आज तिची परीक्षा आहे, विद्यापीठात शिरण्याआधीची.
मी विचारलं, कसली? गणिताची?
म्हणाली, नाही ताता,
समोर ठेवलेलं वाचता येतं का, एवढंच बघतात.
मी हसलो. एवढंच?
ती हसली नाही.

तिच्या मांडीवर सुट्ट्या पैशांखाली
झेरॉक्सचे कागद, कडा दुमडलेले.
ती इंग्रजीत पुटपुटते, मग मला खोसात सांगते:
टाकी अ आणि टाकी ब यांत अनुक्रमे...
आणि तिथेच अडते.
द्यान्ती सरांनी सांगून ठेवलंय,
आकडे फसवत नाहीत, फसवतात ते बारके शब्द,
किमान. खेरीज. तरीही. अनुक्रमे.

अनुक्रमे म्हणजे काय गं?
ज्याचं नाव आधी, त्याचा आकडा आधी.
हात्तिच्या! हा तर आमचा टॅक्सी रँक,
जो आधी लागला तो आधी निघाला.
आता मात्र ती हसली,
आणि मागच्या मावशीचे पाच रँड द्यायचे राहून गेले.
मावशी विसरली नव्हती.

त्सोमोच्या फाट्याला नाही, त्याच्या पुढच्या चढावर
तिने एक आलेख दाखवला. पेट्रोलची रेघ
डोंगरासारखी उभी.
मी म्हटलं, खरं आहे, असंच चढलंय.
नाही ताता, खाली बघा,
हा शून्यापासून सुरूच होत नाही.
शून्यापासून काढला असता तर टेकाडसुद्धा दिसलं नसतं.

मी रस्त्याकडे बघत राहिलो.
रस्त्यात दोन गाई होत्या, त्या गेल्या.
मग सनशेडमागून मी तो कागद काढला.
तीन वर्षं तिथे आहे, या गाडीच्या कर्जाचा.
सही माझी आहे. वाचणारा कुणी नव्हता.
सेल्समनने मला एक छान चित्र दाखवलं होतं,
त्यात हप्ता दरवर्षी बारीक होत जायचा.

ती वाचू लागली.
बोट ओळीखालून सरकत होतं, मग थांबलं.
मागून कुणीतरी दोनशे पुढे केले, तिघांचे.
पहिल्यांदाच तिला ऐकू आलं नाही.
मीच पाच परत दिले.

काय लिहिलंय?
"हप्ते वेळेवर भरले, तरीही..."
एवढं म्हणाली, आणि कागदाची घडी केली.
येताना सांगते, ताता. नीट वाचायला हवं.

हॉलच्या फाटकाशी मोठ्या गाड्यांतून मुलं उतरत होती,
कुणाच्या आया केसांवरून हात फिरवत होत्या.
झिमखिताच्या हातात ओळखपत्र, दोन पेन्सिली.
कॅल्क्युलेटर आत चालत नाही म्हणे.
तिने खांदे उडवले.
पुढच्या सीटवर तो कधी होता?

तीन तास.
रँकवर माझा नंबर आला, मी दुसऱ्याला दिला.
पुन्हा आला, पुन्हा दिला.
लोक म्हणाले, तब्येत बरी आहे ना?

मी कागद उघडून बसलोय.
मला सातवीपुरतं येतं. पण तिचं बोट
जिथे थांबलं होतं ती जागा सापडली,
तिथे तिच्या नखाची बारीक रेघ उमटलीय.
तो शब्द मी आता ओळखतो.
त्याच्यापुढे काय आहे,
ते अजून नाही.