रेघ कुठं थांबते

वडशाहून ब्रह्मपुरीला जाणाऱ्या पहिल्या एसटीत
रेवता बोरकुटे खिडकीशी, तोंडावर ओढणी,
शेजारी मी, मांडीवर रंगांची पेटी.
प्रयोग सुटायला पाच वाजले होते,
तिच्या कानामागं अजून जस्ताची भुकटी.

"हिरामन, तू न्हाव्याचा पोरगा.
वस्तरा कोनाच्या हाती शोभते तुलेच समजन.
तू पाह्यजो. मी नुस्ती बसन."

बाप माझा लिंबाखाली दाढ्या करायचा.
नवं गिऱ्हाईक आधी बाकड्यावर बसून
दुसऱ्याची एक दाढी पुरी बघायचं,
मग आपली मान पुढं करायचं.
डॉक्टरच्या दारात दुसऱ्याची मान बघायला मिळत नाही.
तिथं फोटो असतात. डावीकडं आधीचे, उजवीकडं नंतरचे,
आणि नंतरच्या बायकांवर लाइट जास्त.
लाइटवाल्यांबरोबर अठरा सीझन काढलेत मी,
मला सांगू नका.

हा नागपूरचा, दर दुसऱ्या रविवारी इथं बसणारा.
त्यानं तिला हात लावला नाही.
टॅबवर तिचा चेहरा घेतला, काचेवरून बोट फिरवलं,
आणि रेवता चोवीस वर्षांची झाली.
ती बघत राहिली. मीही; खोटं कशाला बोलू,
त्या वयाची ती, लाखांदूरचा मंडप,
तेव्हा मला फक्त तिची वेणी घालायला मिळायची.

"किती जणींचं बिघडलं तुमच्या हातून?" मी विचारलं.
"तुम्ही कोण यांचे?"
भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं.
"मेकप," मी म्हणालो.

बाहेर येऊन रेवता इतकी हसली
की कंपाउंडरनं दार लावून घेतलं.
मग म्हणाली, "त्या फोटूतली बाई माह्या पोरीसारकी दिसे रे."
तिला पोरगी नाही.

दुसऱ्याचं फोनवरच आटोपलं.
आज पैसे भरले तर वीस हजार कमी, म्हणाला.
गोऱ्हा घेताना आम्ही दात बघतो,
घाई करणाऱ्याच्या दावणीला थांबत नाही.

तीन आठवड्यांनी निलोफर काझी.
सरकारी दवाखान्यातून निवृत्त. मोहफुलं वेचताना
अस्वलानं ओरबाडलेली तोंडं शिवत शिवत हात बसलेली बाई.
मी तोच प्रश्न विचारला. तिनं पेन खाली ठेवलं.
"चार.
एकीची पापणी अजून पुरती मिटत नाही.
ती हो म्हणाली, तर तुमची भेट घालून देते."
मग रेवताला: "रडून दाखवा."
रेवता चौथा अंक रडली, नंतर थोडं स्वतःचंही,
डॉक्टर चष्मा न पुसता बघत बसली.
"डोळ्यांखालचं करते. कपाळाला मी हात लावणार नाही.
त्या भुवईवर तुमची भाकर आहे."
आणि जांभळ्या पेनानं रेघा ओढल्या, नुसत्या दाखवायला.

परतीच्या बसमध्ये एक म्हातारी वाकली,
"काऊन वं बाई, गोंदून घेतलं का?"
"होय," रेवता म्हणाली.

रात्री शंकरपटाच्या गावी, पडद्यामागं,
बल्बखाली तिनं हनुवटी वर केली.
समोर धानाच्या बांधीत लोक पोती अंथरत होते.
मी डोळ्याखाली रंग घेतला, नाकाकडून बाहेर,
अंगठा रोज जिथं थांबतो तिथं थांबला,
आणि खालची जांभळी रेघ तिथंच संपली होती.
केसभरही पुढं नाही.

हे मी तिला सांगितलं नाही.
"होळीनंतरची तारीख घेऊ," एवढंच म्हणालो.
"मंग तुले काम काय राहीन?"
डोळे मिटूनच विचारलं तिनं.
तिसरी घंटा झाली.
कपाळ अजून बाकी होतं.