ताण नसलेला तुकडा

ट्रॉम्बेला, खाडीकडच्या प्रयोगशाळेत,
फिरत्या चकतीवर ठेवलाय माझगाव गोदीतल्या
एका क्रेनच्या कप्पीचा लोखंडी कान.
अठ्ठ्याऐंशी साली तुटला,
इनास डाबरेंनी जोडला.
वरून हात फिरवला तर गार. गुळगुळीत. गप्प.

न्यूट्रॉन पोलादातून जातो
लग्नघरातून अनोळखी पाहुणा जावा तसा:
कोणी हटकत नाही, आणि तो बघून सगळं येतो.
अणूंच्या रांगा दहा हजारांत एक भाग सरकल्या
तरी बाहेर येऊन सांगतो.

पण सांगतो सरासरी.
आत कुठे फाटायला आलंय, कुठे कोंडलंय,
सगळं मिसळून एकच उत्तर: बरं आहे.
म्हणून कान फिरवायचा. दीड अंश. थांबायचं. पुन्हा दीड.
पहाटे चहावाला येईतो आकडे ढीगभर,
आणि चित्र नाही.

मग रेवणकरबाईंनी गणितात अट घातली:
वस्तू जागची हललेली नाही,
तेव्हा आत कोणी ओढत असेल
तर कोणीतरी रेटत असलंच पाहिजे.
तेवढ्यावर उमटलं.
जोडाच्या पोटात लाल ठिपका, भोवती निळा वेढा.

परवानगीला पाच आठवडे गेले.
डाबरे आले वसईहून, पिशवीत केळी,
ती गेटवरच राहिली.
पडद्याजवळ वाकले, लालवर बोट ठेवलं.
"इथं रॉड संपला. तेवढ्यात जेवणाचा भोंगा झाला.
येईस्तोवर जोड गार पडलेला.
कोणाला बोललो नाही."
"इतकी वर्षं धरून राहिला," मी म्हणाले.
"कोण?" त्यांनी विचारलं.

मोजायला अजून एक गोष्ट लागते:
त्याच धातूचा, कसलाही ताण नसलेला तुकडा.
तो सापडत नाही, करावा लागतो.
कानाची जोडीदार पट्टी आम्ही तारेने कापली
कंगव्यासारखी, दात दात सुटा.
सुटला की सैल होतो, सैल झाला की खरं माप देतो.

एक दात डाबऱ्यांनी तळहातावर घेतला,
नखाने वाजवून पाहिला.
"हा आता काही उचलायचा नाही," म्हणाले,
आणि बराच वेळ
खाली ठेवेनात.